न हलणाऱ्या खुणा

वाडीचं नाव सांगत नाही. गडमुडशिंगीच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाकाठानं गेलं की लागते, एवढं पुरे. माणसं सगळी हयात आहेत आणि मला अजून याच जिल्ह्यात नोकरी करायची आहे. यावरून मी कसा माणूस आहे ते तुमच्या लक्षात येईल, आणि ते सुरुवातीलाच आलेलं बरं.

मी शिवशरण. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली पाच वर्षं चंदगडच्या डोंगरात काढली. तिथं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, वह्यांना बुरशी येते आणि शनिवारची एसटी चुकली की आठवडा गेला. बायको सौंदर्या कोल्हापुरात, तिची नोकरी तिथल्या बालवाडीत. मी घरी पोचलो की माझी चार वर्षांची लेक आत पळत जाऊन आईला सांगायची, पावणं आलं. घरात सगळे हसायचे. मीही हसायचो, पण ते मला फार लागायचं. शेवटी अर्ज-विनंत्या करकरून २००६ च्या जूनमध्ये या वाडीवर बदली मिळाली आणि मी रोज रात्री स्वतःच्या घरात जेवायला लागलो. त्या सुखाची किंमत काय होती ते पुढं कळलं.

शाळा दोन खोल्यांची. मुख्याध्यापक जोतीराम सर पहिली-दुसरी घेत, मी तिसरी-चौथी. कुठल्याशा योजनेतून शाळेला एक संगणक मिळाला होता, पण वीज तोडलेली. जोतीराम सरांनी त्याला जुन्या धोतराचं आवरण घातलं होतं आणि खंडेनवमीला ते त्यावर न चुकता हळदकुंकू वाहत. संगणकाचा शाळेला झालेला उपयोग तेवढाच.

तर एकदा मी चौथीला प्राण्यांचा धडा घेत होतो. देवमासा हा जगातला सर्वांत मोठा प्राणी आहे, असं मी वाचलं आणि पुढं निघालो, तोच दुसऱ्या रांगेतून प्रश्न आला, केवढा? विचारणारी वर्षाराणी. वाडीतल्या कृष्णात नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, हडकुळी, वेणीला नेहमी दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी. मी म्हटलं, लई मोठा. ती म्हणाली, आमच्या गोठ्याएवढा का देवळाएवढा? मला माहीत नव्हतं. मी तिला खाली बस म्हणून दटावलं आणि दिवसभर माझाच मला राग येत राहिला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गाडी काढली ती थेट कोल्हापुरात, राजारामपुरीत. तिथं पृथ्वीराज नावाच्या एका पोरगेल्या माणसाचं सायबर कॅफे होतं. पडदे लावलेल्या खोपट्यांतून कॉलेजची पोरं तासन्‌तास चॅटिंग करत बसलेली. मी गेलो आणि म्हणालो, देवमासा पाहिजे. पृथ्वीराज हसून हसून लाल झाला, पण त्यानं मला शोधायला शिकवलं. इंग्रजी माझं यथातथाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तासभर वाचत होतो.

सोमवारी आम्ही शाळेच्या पटांगणात खडूनं देवमासा काढला. जवळजवळ शंभर फूट. पटांगण पुरेना, शेपूट फाटकातून रस्त्यावर गेलं. शेपटाच्या टोकाला वर्षाराणी उभी राहिली आणि एक बैलगाडी थांबवून तिनं गाडीवानाला सांगितलं, चाक घालू नका, मासा हाय. त्या दिवसापासून वर्गात माझ्याबद्दल काहीतरी बदललं. आपण विचारलं तर गुरुजी शोधून आणतात, असं त्या पोरांना वाटायला लागलं, आणि तिला सगळ्यांत जास्त.

मग मला नादच लागला. दर शनिवारी राजारामपुरी. ज्वालामुखी, बर्फातली घरं, माणसाचं हृदय चिरून दाखवलेलं. रंगीत प्रिंट परवडत नसे, काळी-पांढरी काढून पोरांकडून रंगवून घ्यायचो. कुठल्या कुठल्या देशातल्या मास्तरांनी आपले पाठ नेटवर टाकलेले असत. लांबच्या एका देशातल्या एका बाईंचं पान मला फार आवडायचं. तळाला त्यांनी लिहिलं होतं, हे सगळं फुकट आहे, न्या आणि वापरा. आमच्याकडं एक शिक्षक दुसऱ्याला टाचणवही दाखवत नाही, आणि ही बाई ओळख ना पाळख सगळं उघडून बसलेली. मी त्यांच्या गणितातले बर्फाचे बाहुले काढून तिथं उसाच्या मोळ्या घालायचो आणि पाठ आपलासा करायचो. आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मी हवेत होतो.

जानेवारीत नकाशाचा पाठ आला. पुस्तकात जिल्ह्याचा नकाशा होता, त्यात आमची वाडी नव्हती. त्या बाईंच्या पानावर मात्र एक झकास पाठ मिळाला, आपल्या वस्तीचा नकाशा. आधी न हलणाऱ्या खुणा शोधायच्या. माणसं, जनावरं, गाड्या हलतात, त्या सोडायच्या. त्यांनी टपालपेटी आणि चर्च लिहिलं होतं, मी देऊळ, विहीर, पाण्याची टाकी आणि झाड लिहिलं. मग आकाशातून काढलेल्या चित्रावर त्या खुणा ओळखायच्या, मग चालत जाऊन पावलांनी मोजायच्या, दोन्हींचे नकाशे काढायचे. शेवटची पायरी अशी होती की नकाशे भिंतीवर लावा, पालकांना बोलवा आणि मुलांना आपापला नकाशा समजावून सांगू द्या.

आकाशातून पृथ्वी दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम तेव्हा नुकताच आला होता. पृथ्वीराजनं तो कॅफेत उतरवून घेतला होता. आम्ही दोघं वरून खाली खाली येत गेलो, कोल्हापूर, मग विमानतळ, मग ओढा, आणि ओढ्याच्या वळणावर वाडी. घरांची छपरं, रानांचे तुकडे, झाडांचे काळे ठिपके. माझ्या अंगावर काटा आला. चार कागदांवर रंगीत प्रिंट काढून ते चिकटवले आणि पुठ्ठ्यावर डकवले. चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती, २००४ मधली. दोनअडीच वर्षांत वाडीत असं काय बदलणार, असा विचार करून मी ती सोडून दिली.

पोरं त्या पुठ्ठ्यावर तुटून पडली. ज्यानं त्यानं आपलं घर शोधलं. वर्षाराणीनं घर शोधलं, मग ओढ्याकाठचं त्यांचं तीस गुंठ्यांचं रान, आणि रानाच्या कडेची जांभळ. गोल, काळसर ठिपका. चार दिवसांनी ती दोन नकाशे घेऊन माझ्या टेबलाशी आली. एक चित्रावरून काढलेला, एक पावलांनी मोजून. दोन्हीकडं जांभळ एकाच जागी होती. पण पहिल्या नकाशात बांध जांभळीतून जात होता आणि दुसऱ्यात जांभळीपासून बारा पावलं अलीकडं, त्यांच्या रानात घुसलेला.

"झाड हलत न्हाय म्हणालासा गुरुजी," ती म्हणाली. "मग बांध हललाय."

मला हसू आलं. आमच्या घरी गडहिंग्लजला पिढ्यान्‌पिढ्या किराणा मालाचं दुकान, शेताचा संबंध नाही. बांध म्हणजे माझ्या लेखी मातीची एक ओळ. पुरात सरकला असेल, मी म्हटलं. पण तिनं जे केलं होतं ते मोठ्या माणसालाही सुचलं नसतं, हे मला कळत होतं. मी तिचे दोन्ही नकाशे वर्गाला दाखवले, दहापैकी दहा दिले, आणि सगळ्यांना सांगितलं की जे दिसतं तेच काढायचं आणि जे दिसतं तेच बोलायचं, मग समोर कोणीही असो. हे वाक्य मी तीनदा म्हणालो. मला माझीच वाक्यं तेव्हा फार आवडायची.

प्रदर्शन सव्वीस जानेवारीला ठरवलं, कारण त्या दिवशी झेंड्याला सगळं गाव शाळेत येतं. आदल्या दिवशी मी भिंतीवर नकाशे लावत होतो तेव्हा जोतीराम सर येऊन उभे राहिले. त्यांनी वर्षाराणीचे नकाशे बराच वेळ बघितले आणि म्हणाले, हे दोन नका लावू. मी म्हटलं, सर, हेच तर सगळ्यांत चांगले आहेत. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ते कोणाशीच वाद घालत नसत. तुम्ही नवीन आहात, एवढंच ते म्हणाले आणि नारळ आणायला गेले. नवीन म्हणजे काय, ते विचारायचं मला सुचलं नाही.

झेंडा फडकवला बाळासो आण्णांनी. ते शाळा समितीचे अध्यक्ष, दूध डेअरीचे चेअरमन, देवस्थानचे पंच. वाडीत एकच ट्रॅक्टर आणि तो त्यांचा. कृष्णातचे ते चुलतभाऊ, रानाला रान लागून. झेंडा झाला, गोळ्या वाटल्या, आणि मंडळी वर्गात आली. प्रत्येक पोर आपल्या नकाशासमोर उभं राहून बोलत होतं. वर्षाराणीचा आवाज मुळातच खणखणीत. जांभळ न हलणारी खूण हाय, असं म्हणून तिनं सुरुवात केली, आणि बारा पावलांपर्यंत आली तोवर खोलीतली सगळी बडबड थांबली होती. मला वाटलं, तिच्या हुशारीनं थांबली.

आण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हुशार हाय पोरगी, म्हणाले, आणि चहाला न थांबता गेले. त्यांच्यामागून खोली रिकामी झाली. राहिला फक्त कृष्णात. पस्तिशीचा, खाली बघून बोलणारा माणूस. तो पुठ्ठ्यावरच्या चित्रापाशी गेला आणि जांभळीच्या ठिपक्यावर बोट ठेवून उभा राहिला.

"हे कुणी काढलंय गुरुजी?"

उपग्रहानं, मी सांगितलं. आकाशात फिरणारं यंत्र असतं.

"म्हंजे मानसानं न्हाय."

नाही, मी म्हटलं.

"मग त्याला खोटं बोलायचं काय कारन न्हाय," तो म्हणाला. ते चित्र घरी नेऊ का, असं त्यानं विचारलं आणि मी ते अभिमानानं त्याच्या हातात दिलं.

मागची हकिकत मला त्या दुपारी जोतीराम सरांनी सांगितली. २००५ च्या महापुरात ओढ्याकाठची रानं गाळाखाली गेली होती. कृष्णातचं घर पडलं, तो बायकापोरं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन दोन महिने सासुरवाडीला राहिला. परत आला तेव्हा आण्णांनी मशीन लावून गाळ उपसला होता आणि नवा बांध घातला होता. पूर्वीचा इथंच होता, असं ते म्हणाले. तीस गुंठ्यांतले पाच-सहा गुंठे गेले. बांध कुठं होता हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही, कारण पेरणीला ट्रॅक्टर सगळ्यांनाच लागतो. कृष्णातनं दीड वर्ष गिळून ठेवलं होतं. आता त्याच्या हातात साक्षीदार आला होता, आणि तो मी दिला होता. हे सगळं सरांनी मला आदल्या दिवशी का सांगितलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर चिडलो. ते म्हणाले, तुम्ही विचारलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी कृष्णात फावडं घेऊन रानात गेला आणि नवा बांध फोडायला लागला. आण्णांकडची माणसं आली. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. पोलिसांत कोणी जायचं नाही, गावातच मिटवायचं, असं ठरलं. रविवारी शाळेच्या पटांगणात बैठक.

शनिवारी मी राजारामपुरीला गेलो नाही, कारण आण्णांनी चहाला बोलावलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्या लेकीचं नाव, तिची इयत्ता, सौंदर्याची बालवाडी, सगळी चौकशी केली. बशीत चहा ओतून मला दिला. मग म्हणाले, "चंदगडात पाऊस लई म्हंत्यात. खरं काय ओ?"

खरं आहे, मी म्हटलं.

"तुमी शिकल्याली मानसं. उद्या तुमी सांगशीला त्योच शब्द," ते म्हणाले. "फुकटचं चितार ते. त्याच्यापायी भाऊ-भाऊ मरायला नकोत, एवढंच माजं म्हननं हाय."

घरी येऊन मी सौंदर्याला सांगितलं. ती म्हणाली, खरं असेल ते सांगा, पुढचं पुढं बघू. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर बरेच दिवस मी मनातल्या मनात दोष तिच्यावर ढकलत होतो. तिनं मला अडवलं नव्हतं. लेक माझ्या चपला घालून घरभर फिरत होती आणि मी तिच्याकडं बघत बसलो होतो, एवढंच.

बैठकीला सगळं गाव होतं. जिथं आम्ही देवमासा काढला होता तिथंच सतरंज्या टाकल्या होत्या. कृष्णात हात गळ्यात बांधून बसला होता, शेजारी त्याची आई चिमणाबाई, मागं वर्षाराणी. पुठ्ठा मधे ठेवला होता. त्याचा एक कोपरा फाटला होता. आण्णा म्हणाले, आपण कुणीच काय बोलायचं नाही, गुरुजी सांगतील ते मान्य. कृष्णातनंही मान हलवली. त्याला वाटलं असेल की आता सुटलो. त्यानं माझ्याकडं ज्या विश्वासानं बघितलं त्याची मला आजही शरम वाटते.

मी उभा राहिलो. इतकी वर्षं पोरांसमोर बोलून मला बोलायची सवय झाली होती, त्यामुळं अडखळलो नाही. म्हटलं, नेटवरच्या चित्रांत चूक असू शकते. उंचावरून काढताना चित्र सरकतं. सावली पडते, सावलीलाच आपण बांध समजतो. आणि शेवटी म्हटलं की ही फुकट मिळणारी चित्रं आहेत, सरकारी मोजणी नव्हे, फुकटच्या मालाचा भरवसा कोण देणार. मी तारखेबद्दल बोललो नाही. कोपऱ्यात तारीख होती, चित्र पुराच्या आधीचं होतं, म्हणजे ती खूण सोन्यासारखी होती. ते मी बोललो नाही.

कुणीतरी बरोबर बरोबर म्हणालं. कृष्णात उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माज्या पोरीला इचारा," तो म्हणाला. "तिनं पावलं टाकून मोजलंय. ती खोटं बोलनार न्हाय. गुरुजींनीच शिकिवलंय तिला."

आण्णांनी तिला पुढं बोलावलं. अगदी मायेनं. "बाळ, गुरुजी म्हंत्यात चितार खोटं हाय. तुला काय दिसतंय?"

ती पुठ्ठ्याशी आली. चित्राकडं तिनं बघितलंच नाही, बघितलं माझ्याकडं. ती वाट बघत होती. वर्गात उत्तर येत असलं तरी मी मान हलवेपर्यंत ती थांबायची, तशी. मी नुसती मान हलवली असती तरी ती बोलली असती, चाळीस माणसांसमोर, बापाच्या मोडक्या हातासमोर, खणखणीत बोलली असती. मी खाली सतरंजीकडं बघितलं.

मग ती म्हणाली, "गुरुजी म्हंत्यात तर खोटं असंल."

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. आण्णांनी तेच वाक्य मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. बैठक मोडली. चिमणाबाई जाताना माझ्यासमोर थांबली. त्याआधी दर पंधरवड्याला ती माझ्या लेकीसाठी शेंगा पाठवायची. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचं बी पोटच हाय की," आणि पोराचा चांगला हात धरून निघून गेली.

होळीला आण्णांनी गावाला एक झाड दिलं. आपल्या रानातलं झाड गावच्या होळीला देणं हा वाडीत मान समजतात, त्यांचं नाव घेऊन नारळ फोडला गेला. झाड जांभळीचं होतं. ओलं लाकूड, नीट पेटलंच नाही. दोन दिवस धुमसत होतं आणि तो धूर वर्गात येत होता. खिडक्या लावून मी हृदयाचा पाठ घेतला.

वर्षाराणी शाळा सोडून गेली नाही. रोज यायची, दोन रंगांच्या रिबिनी बांधून. हात मात्र वर करेना. काही विचारलं तर उभी राहायची आणि गप्प बसायची. एकदा मधल्या सुट्टीत ती एकटीच टेबलाशी आली आणि तिनं हळूच विचारलं, देवमासा पण खोटाच का? नाही गं, मी म्हटलं, तो अगदी खरा आहे.

"त्यो बी फुकटचाच हुता की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि कुणाला विचारायचं ते तिला कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. परिसर अभ्यासाच्या पेपरात नकाशाचा प्रश्न दहा गुणांचा. आपल्या घराभोवतालच्या परिसराचा नकाशा काढा. पेपर मीच काढला होता, आणि त्या प्रश्नापाशी माझा हात थांबला होता. पण नकाशा वगळला तर का वगळला ते मला स्वतःला सांगावं लागलं असतं, म्हणून ठेवला.

तिचा कागद माझ्यासमोर आला तेव्हा वर्ग रिकामा होत होता. पट्टीनं आखलेली चौकट होती. वर उत्तर दिशेचा बाण होता. खाली प्रमाण लिहिलं होतं, एक बोट म्हणजे दहा पावलं. उजवीकडं सूचीचा चौकोन, त्यात देवळाची खूण, विहिरीची, टाकीची, झाडाची, एकेक कोरीव काढलेली. आणि चौकटीच्या आत काहीही नव्हतं. कोरा कागद.

मी तिला थांबवलं. पेन्सिल दिली, अजून वेळ आहे म्हणालो, पूर्ण कर. ती बाकावर बसली. पेन्सिलीचं टोक तिनं कागदावर बरोबर जागेवर नेलं. ती जागा मलाही पाठ होती. तिथं ते थांबलं.

"जांभळ दाखवू का नको, गुरुजी?"

दाखव म्हणावं तर झाड तोडलेलं. नको म्हणावं तर जी एक खरी गोष्ट मी तिला शिकवली होती तीही माझ्याच तोंडानं पुसायची. बाहेर पोरं सुट्टी लागली म्हणून ओरडत होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सांगेन ते काढायला तयार होती, बारा पावलं अलीकडं किंवा पलीकडं, कुठंही. तिला आता कशानंच फरक पडत नव्हता, आणि हे शिकवायला मला कुठलंच पान शोधावं लागलं नव्हतं.

राहू दे, मी म्हटलं. कागद ओढून घेतला आणि त्यावर दहापैकी दहा लिहिले.

तिनं ते आकडे बघितले. पूर्वी दहा मिळाले की ती कागद पोटाशी धरून घरापर्यंत पळत जायची. त्या दिवशी तिनं तो नीट दुमडला, माझ्या टेबलावर परत ठेवला आणि दप्तर उचलून गेली.

मला चंदगडला पाठवलं नाही. आण्णा शब्दाला जागले. माझी लेक मला पावणं म्हणायची बंद झाली आहे. तो कागद अजून माझ्याकडं आहे, आत कोराच.